धक्का येऊन गेला की भट्टीत उतरायचं

सुमनचे पाय तेवढे भट्टीच्या तोंडातून बाहेर दिसत होते. घोट्यापासून खाली. बाकीची सुमन आत होती आणि भट्टीचा घुमट तिच्या पाठीवर बसला होता.

सुमन माझी सून. भट्टीतून विटांची धूळ धुरासारखी बाहेर येत होती. तिच्या पायांवर लाल ओघळ होते. तेवढ्यात फाटकातून कदम आत आले. कदम डहाणू स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं बारसं होतं आणि बिस्किटं कुठवर आली ते बघायला ते मोटरसायकलवरून आले होते. पाय बघून ते तिथंच ओरडले, "रक्त! मावशी, रक्त!"

"बीट आहे," मी म्हटलं. "ओरडू नका. आणि पायांना हात लावू नका."

बीटच होतं. धक्का बसला तेव्हा मी अंगणातल्या टेबलाशी बिटाचा आटवलेला रस साखरेत कालवत होते. टेबल कलंडलं, पातेलं भट्टीच्या तोंडाशी जाऊन आपटलं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून मला माहीत. बाकीच्यांना माहीत नव्हतं. शेजारपाजारचे धावत आले, पाय बघितले, लाल बघितलं आणि दोघांनी सुमनचे घोटे धरले.

मी पाव काढायची लांब दांड्याची फळी उचलली. "ओढलंत तर डोक्यात घालीन."

"अहो आजी, मरेल ती आत!"

"ओढलंत तर मरेल. जानूला बोलवा."

आतून सुमन खोकली. मग तिचा आवाज आला, पिठाच्या डब्यातून बोलल्यासारखा. "आई, ओढू नका. पाठीवर आहे सगळं."

जानूला बोलवायला कुणी गेलं नाही. ती भट्टी त्यानंच बांधली होती आणि तो शेजारून कुंपणावरून उडी मारून आधीच येत होता. त्या वयात.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, "आजी, तुमच्या रंगीत बिस्किटांवर लिहा, दिवाळीत लोकांना गोड वाचायला आवडतं." मी चौथी शिकलेली बाई. गोड मला हातानं करता येतं. लिहिताना जे झालं तेच लिहिता येतं. पण ही भट्टी काय होती आणि धडधाकट बाई तिच्यात पालथी का झोपली होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. म्हणून आधी बिस्किटांचं सांगते.

आमचं बिस्किट म्हणजे मैदा, लोणी, पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. सोडा नाही. सोडा घातला की बिस्किट फुगतं आणि साच्यानं कापलेला आकार पसरतो. घोडा घालावा तर रेडकू बाहेर येतं. पीठ मळून गार ठेवायचं. आमच्या बाजूला हवेत इतका दमटपणा असतो की पीठ घटकेत सैल पडतं आणि साच्याला चिकटतं. म्हणून फ्रिज. वीज गेली तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं, म्हणजे लाटी सगळीकडे एकसारखी होते. जाड-पातळ झाली की एक कोपरा करपतो, दुसरा कच्चा राहतो. साचे मी डहाणूच्या बाजारातल्या पत्रेवाल्याकडून तुपाच्या डब्यांच्या पट्ट्या वाकवून करून घेतले. बदक, मासा, पाळणा, नारळाचं झाड, आणि एक आगगाडीचं इंजिन. रेल्वेची माणसं दुसरं काही मागतच नाहीत.

भाजून गार झालं की वर साखरेचा लेप. त्याला सगळे आयसिंग म्हणतात, मीही म्हणते. ते मेंदीच्या कोनासारख्या कोनात भरायचं. आधी कडेनं बारीक रेघ मारून बांध घालायचा, मग आत पातळ लेप सोडायचा. तो बांधापर्यंत जाऊन थांबतो. भाताच्या खाचरात पाणी थांबतं तसा. सुमनचा बांध कधी फुटला नाही. माझा फुटायचा. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

रंग दुकानातला वापरायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं. त्यात मोठा विचार वगैरे नव्हता. दुकानातला लाल खाऊन एका गिऱ्हाइकाच्या मुलाच्या अंगावर पित्त उठलं आणि त्याची आई माझ्या दारात येऊन बसली. तेव्हापासून लाल बिटाचा, पिवळा हळदीचा, हिरवा पालकाचा, निळा गोकर्णाच्या फुलांचा, तपकिरी घोलवडच्या सुकवलेल्या चिकूच्या पुडीचा. लोकांना वाटतं रस काढला, ओतला, झालं. तसं नाही. हळद जास्त पडली की बिस्किटाला जखमेचा वास येतो. बिटाचा रस आटवून घट्ट करावा लागतो, नाहीतर लेप सुकतच नाही. गोकर्णाच्या निळ्यात लिंबाचा थेंब पडला की तो जांभळा होतो. आणि हे सगळे रंग उतरतात. उन्हात ठेवलं तर हिरव्याचा शेवाळी होतो, लाल मळकट पडतो. हे मी आधीच सांगते. तरी लोक चार दिवसांनी फोन करतात, "मावशी, बदकाचा रंग गेला." मी म्हणते, "बदक खायला दिलं होतं."

गिऱ्हाइकं एकेक. उंबरगावचे एक शेठ होते. फोनवर पहिला प्रश्न, "बेन, इंडुं तो नथी ने?" अंडं नाही म्हटलं. लेपात काही जण अंड्यातलं पांढरं घालतात, त्यानं तो कडक होतो. मी शेठसाठी नुसत्या पाण्यात कालवला. बिस्किटं घेऊन गेले आणि दुपारी परत आले. "बेन, आ लाल शेनो?" बिटाचा म्हटलं. कपाळाला हात. "बीट तो कंदमूळ छे!" त्यांच्यात जमिनीखालचं चालत नाही. मी म्हटलं, शेठ, आधी सांगायचं. मग जास्वंदीच्या पाकळ्या उकळून त्यांना लाल करून दिला. तेव्हा ते हळदीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "शेठ, हळद पण जमिनीखालचीच." ते म्हणाले, "ए चाले." कुणाचं काय चालतं ते त्यालाच विचारायचं आणि करून द्यायचं, हा धंदा.

एक मास्तर होते. त्यांना पाच या आकड्याचं बिस्किट हवं असायचं, मुलीच्या वाढदिवसाला. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "मास्तर, पोरगी अजून पाचचीच?" ते हो म्हणाले आणि पाकीट घेऊन निघून गेले. नंतर मला दुसऱ्यांकडून कळलं. चौथ्या वर्षीही पाचच केलं.

आता भट्टी. भट्टी जानूनं बांधली. जानू माझा शेजारी, गवंडी, माझ्याच वयाचा. नवरा गेल्यावर मी डहाणूत एका बेकरीत पत्रे घासायचं काम करत होते. तिथली भट्टी बघून बघून मी वेवजीला, आमच्या गावी, घरामागं तशीच बांधायची ठरवली. जानूला मी काठीनं जमिनीवर चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "बाय, ही भट्टी की समाधी?" खरंच तशी दिसायची. विटांचा बसका घुमट, पुढं खिडकीएवढं तोंड, मागं धुराड्याचा उंच खांब. आत माणूस पालथा मावेल एवढी लांबी, आणि उंची दीड हात. लाकडं आतच पेटवायची. घुमट तापून पांढरा दिसायला लागला की निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या गोणपाटानं पुसायचा आणि चिमूटभर पीठ टाकून बघायचं. पीठ काळं पडलं तर थांबायचं, बदामी झालं तर पाव सारायचे. बिस्किटांना त्याहून मऊ ताव लागतो, म्हणून ती पावांच्या नंतर.

अशा भट्टीला आतून भेगा पडतात. वारुळाची माती, मीठ आणि गुळाचं पाणी यांचा गारा करून त्या लिंपायच्या असतात. त्यासाठी माणसाला आत सरपटत जावं लागतं. पुष्कळ वर्षं मीच जायची. पुढं गुडघे वाकेनात, तेव्हा सुमन जायला लागली. ती बारीक आहे. पहिल्या वेळी बाहेर आली तेव्हा नखशिखांत काळी होती. म्हणाली, "आई, तुम्ही एवढी वर्षं यात जात होता?" मी म्हटलं, "मग काय, भट्टी माझ्यात येत होती?"

आणि जमीन हलायची.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात धक्के सुरू झाले. आधी वाटलं खाणीत सुरुंग लावतात. मग रोजचंच झालं. लोक थंडीत घराबाहेर ताडपत्री बांधून झोपले. भिंतींना भेगा गेल्या, कुणाच्या घरांची कौलं खाली आली. साहेब लोक येऊन बघून गेले. पुढं धक्के कमी झाले, पण थांबले नाहीत. माणसाला कशाचीही सवय होते. पाहुणे पळत सुटायचे आणि आम्ही हातातला चहा सांडू नये म्हणून कप धरून ठेवायचो.

या सवयीतून आमच्याकडे एक समजूत झाली. कुणी सुरू केली माहीत नाही. धक्का येऊन गेला की लगेच दुसरा येत नाही, जमीन काही वेळ गप्प बसते. जानू म्हणायचा, "ढेकर दिला तिनं. आता पोट शांत." हे खरं आहे का, ते कुणी कुणाला विचारलं नाही. कौलं चाळायची असली, विहिरीत गाळ काढायला उतरायचं असलं, तर माणसं धक्क्याची वाट बघत. धक्का आला की हसत कामाला लागत. आम्हीही तसंच करायचो. भट्टीत उतरायचं ते धक्का येऊन गेल्यावर. त्याआधी नाही. आम्ही काळजी घेतोय असं आम्हाला वाटायचं.

कदमांच्या बारशाची बिस्किटं निम्मी झाली होती. उरलेल्या निम्म्यांवर भाजताना घुमटाच्या भेगेतून माती पडली. पांढऱ्या बिस्किटावर काळे कण. ती मी शेळ्यांना घातली आणि भट्टी विझवली. भेग लिंपल्याशिवाय पुढचा घाणा होणार नव्हता. भट्टी पुरती गार व्हायला पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गारा कालवून बसलो. चहा होत असताना भांडी वाजली, छपराचा पत्रा कुरकुरला. बऱ्यापैकी धक्का होता.

कुंपणापलीकडून जानू ओरडला, "बाय, आला बघ. घे उरकून!"

सुमननं पदर खोचला, मोबाइलची बॅटरी लावली आणि गाऱ्याची पाटी पुढं ढकलत आत गेली. मी तिला म्हटलं, "मागच्या बाजूला नीट बघ, नाहीतर लिंपल्यासारखं करशील." ती आतून म्हणाली, "मग तुम्हीच या." आमचं असंच बोलणं असायचं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच.

दुसरा धक्का मोठा होता. त्याच सकाळी, ती आत असताना.

जानू आला तेव्हा त्यानं आधी भट्टीभोवती एक फेरी मारली. तोंडाशी ओणवा होऊन आत बघितलं. मग मला म्हणाला, "मधला घुमट बसलाय. कडा अजून धरून आहेत. ओढली तर कडा पण येतील. पत्रे आण."

"कसले पत्रे?"

"बिस्किटाचे, बाय! भाजायचे!"

मी आणि कदमांनी पत्रे आणले. बारशाची तयार बिस्किटं त्यांच्यावर मांडलेली होती, पाळणे आणि बदकं. कदमांनी ती जमिनीवर ओतली. स्वतःच्या मुलीच्या बारशाची. जानूनं एकेक पत्रा सुमनच्या पायांवरून आत सारला, पाठ आणि विटा यांच्या मध्ये. अंगठ्यानं चाचपत, श्वास धरून. एक पत्रा अडला तेव्हा ती ओरडली. त्यानं तो बोटभर मागं घेतला आणि तिरका करून पुन्हा सारला. एकाखाली एक असे जमले तेवढे पत्रे गेले.

"आता हिला छप्पर झालं," तो म्हणाला. "डोकं मागच्या भिंतीशी आहे. मी मागनं भोक पाडतो, हवा जाईल. तू हिला बोलती ठेव."

"काय बोलू?"

"सासू आहेस ना? बोल की!"

तो पहार घेऊन मागं गेला. कदमांनी दवाखान्याची गाडी बोलावली होती, ती तलासरीहून निघाली होती. शेजारची माणसं पुढून सुट्या विटा काढत होती. मी तोंडाशी बसले. मला मायेचं बोलता येत नाही. पोर गेल्यासारखं रडायलाही येत नाही. मी म्हटलं, "सुमन, पालकाचा रंग कसा काढायचा, सांग."

आतून आलं, "आत्ता?"

"आत्ता. सांग."

"पानं... वाटायची. रस गाळायचा."

"मग?"

"मंद आचेवर ठेवायचा. वर हिरवा साका येतो."

"मग?"

"तो कापडावर घ्यायचा. पाणी फेकायचं. आई, माझा उजवा हात कुठं आहे ते मला कळत नाही."

"तो असेल तिथं असू दे. साक्याचं काय करायचं?"

"साखरेत घोटायचा."

"निळा सांग."

"गोकर्णाची फुलं. गरम पाण्यात. मग लिंबू."

"लिंबू? गाढवे, जांभळा होईल!"

ती आत हसली की खोकली ते कळलं नाही. मागून पहारीचे घाव ऐकू येत होते आणि दर घावाला पुढून थोडी माती सुटत होती. जानू मागून ओरडला, "सूनबाय! उजेड दिसला का?"

"दिसला," सुमन म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. मागच्या भिंतीला हातभर लांब, अरुंद भोक पडलं होतं.

"तोंड इकडं कर. मी पत्रा देतो, डोक्यावर घे."

तिनं डाव्या हातानं घेतला. नंतर तिनं मला सांगितलं की त्या भोकातून तिला जानूचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती आणि तो म्हणाला होता, "तुझी सासू रंग विचारते? मी असतो तर पगार विचारला असता."

कदमही तोंडाशी बसले होते. त्यांना काहीतरी करायचं होतं. ते आत वाकून म्हणाले, "वहिनी, बाळाचं नाव सांगू का तुम्हाला? अजून कुणालाच सांगितलं नाही."

बिस्किटांवर नावाचं पहिलं अक्षर काढायचं होतं. पण बारशाला आत्यानं कानात सांगेपर्यंत नाव फुटू द्यायचं नाही, म्हणून कदमांच्या बहिणीनं आम्हाला बजावलं होतं की अक्षराची जागा रिकामी ठेवा, सकाळी फोन करीन. सुमन त्यावर आठवडाभर कुरकुरत होती.

"नको," ती आतून म्हणाली. "आत्याच्या आधी नको. अपशकुन होतो."

भट्टीत गाडलेली बाई दुसऱ्याच्या अपशकुनाची काळजी करत होती. तेव्हा मी पहिल्यांदा तिचा घोटा धरला. गरम होता.

तिसरा धक्का आला तो लहान होता. सकाळी पहिला आला होता त्याहूनही लहान. चहा सांडला नसता एवढा. पुढच्या बाजूला घुमटाची एक कड सुटली आणि पत्र्यांवर पडली. पत्रे वाकल्याचा आवाज झाला. सुमन किंचाळली, मग म्हणाली, "आहे, आहे, मी आहे." सगळे पुढं धावले. मागच्या बाजूलाही मोठा आवाज झाला होता, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. भट्टी पुढं होती ना.

मी हाक मारली, "जानू, मागचं काय झालं?"

पहारीचा आवाज येत नव्हता.

मी उठून मागं गेले. धुराड्याचा खांब बुडापासून मोडून बाहेरच्या बाजूला पडला होता. जानू त्याच्याखाली होता, तोंड भिंतीकडं. पहार अजून हातात. विटांच्या मधून जमिनीवर लाल आलं होतं. भट्टीच्या मागं बीट सांडलेलं नव्हतं.

माणसांनी विटा काढल्या. तो तिथंच गेला होता. गाडी आली तेव्हा सुमन अजून आतच होती. मी गाडीच्या माणसांना सांगितलं, मागच्याला नंतर बघा, आधी पुढं या. हे मी म्हटलं. लोकांनी ऐकलं. काही जणांना ते आवडलं नाही, ते त्यांनी नंतर माझ्या तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, जानूनंही हेच सांगितलं असतं. पण तो सांगायला नव्हता, आणि त्याच्या वतीनं मी बोलले हेही खरं.

पुढच्या विटा एकेक काढून सुमनला बाहेर घेतलं, दुपार टळत आली तेव्हा. पत्र्यांना तिच्या पाठीचा आकार आला होता. बरगड्या मोडल्या होत्या, उजवा हात मनगटाखाली चेचला होता. गाडीत घालताना तिनं विचारलं, "जानूबाबा कुठं आहेत?" मी म्हटलं, मागं आहे. तेही खोटं नव्हतं.

तिला तालुक्याला नेली, तिथून पलीकडं गुजरातेत. माझा मुलगा वापीला कंपनीत आहे, तो परस्पर तिकडं गेला. मी घरी थांबले. जानूच्या घरी बसायला कुणीतरी हवं होतं.

त्याची बायको रखमी ओट्यावर बसली होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "भट्टीत तुझी सून होती ना?"

"हो."

"आणि हा बाहेर होता ना?"

"हो."

"मग हा कसा गेला?"

मी तिच्याशेजारी बसले. ती पुन्हा तेच विचारायची, मी पुन्हा हो म्हणायची. आलेल्या बायकांनाही तिनं तेच विचारलं. अजूनही कधीकधी कुंपणाशी उभी राहून विचारते. मी दर वेळी पहिल्यापासून सांगते. धुराडं बाहेरच्या बाजूला पडलं म्हणून. ते ऐकते आणि आत जाते.

कदमांनी बारसं पुढं ढकललं. त्यांची बहीण म्हणाली, मुहूर्त मोडला. ते म्हणाले, मोडू दे. नंतर ते मुलीला घेऊन आमच्याकडं आले. अंगणातली बदकं आणि पाळणे तोवर मुंग्यांनी नेले होते, कोपऱ्यात लाल डाग तेवढा होता, तोही मळकट पडलेला. नाव काय ठेवलं ते त्यांनी सुमनच्या कानात सांगितलं, मग मला. चांगलं नाव आहे.

भट्टी पाडली. विटा रखमीला हव्यात का विचारलं, ती म्हणाली, नको. मग त्या ओढ्यात टाकल्या. आता विजेची भट्टी आहे, कपाटासारखी. बटण फिरवलं की ताव येतो. तिच्यात कुणाला उतरावं लागत नाही. बिस्किटं सारखी भाजतात, पण कडेला तो बदामी रंग येत नाही. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, चव गेली. मी म्हणते, गेली.

सुमनची उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. कोन तिला धरता येत नाही. आता बांध मी घालते आणि माझा फुटतो. ती शेजारी बसून सांगते, "आई, हात उचला, हात उचला, दाबू नका." परवा एका माशाचं शेपूट वाहून गेलं तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझा कधी फुटला नाही." ती म्हणाली, "आत्ता सांगताय?"

धक्के अजून येतात. आला की आम्ही दोघी काम तसंच टाकून अंगणात येऊन बसतो आणि बसून राहतो. गावात मात्र पुष्कळ जण अजूनही धक्का येऊन गेला की कौलांवर चढतात. मी दोघातिघांना सांगून बघितलं. ते म्हणतात, "आजी, तुमच्या वेळी योगायोग झाला." मी खाली उभी राहते, ते उतरेपर्यंत.

बाहेरगावची गिऱ्हाइकं येतात. कुठूनतरी अर्धवट ऐकलेलं असतं. आवाज उतरवून विचारतात, "मावशी, तुमच्या भट्टीत एक बाई मेली ना?"

मी सांगते, नाही. भट्टीच्या आत होती ती सुमन. ती जगली. बाहेर उभा होता तो जानू गेला.